वाया गेलेलं मत आणि भाच्याचा हेडफोन

रविवारी सकाळी दहाच्या आत फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एकतर कुठलातरी सर्व्हर पडलेला असतो, नाहीतर खामगावहून भाच्याचा फोन असतो. यावेळी भाचा होता.

"मामा, गेमिंगसाठी हेडफोन घ्यायचाय. कोणता घेऊ?"

आता घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की त्याला इन्व्हर्टरपासून मिक्सरपर्यंत काहीही विचारता येतं, असा आमच्याकडे समज आहे. पण यावेळी प्रश्न माझ्या हक्काच्या विषयातला होता, त्यामुळे मी चहाचा कप घेऊन आरामात बसलो. साहेबांचं बजेट सहा हजार. बारावीची परीक्षा संपलेली, अठरा वर्षं नुकतीच पूर्ण झालेली, आणि दिवसरात्र व्हॅलोरंट. त्याने तीन हेडसेट निवडून ठेवले होते. तिन्हींवर '७.१ सराउंड' लिहिलेलं, तिन्हींना रंगीत लाइट, आणि एकाला तर मांजरासारखे कान!

"लाइट कशाला रे? डोक्यावर घातल्यावर तुला दिसणार आहे का तो?"

"मामा, स्ट्रीमवर दिसतो ना."

बरं.

मग मी त्याला माझी कर्मकहाणी सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असाच एक झगमगीत हेडसेट घेतला होता. कंपनीचं नाव जाऊ दे. डब्यावर '५० एमएम ड्रायव्हर' मोठ्या अक्षरात. मला वाटलं, ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला. सहा महिन्यांत कानांवरच्या रेक्झिनचे पापुद्रे सुटायला लागले. ऑफिसच्या कॉलवर बसलो की गालावर काळे ठिपके. आवाज म्हणाल तर सगळीकडे नुसता धबधबा. शत्रू डावीकडून येतोय की उजवीकडून, ते मेल्यावरच कळायचं. :)

तर भाच्याला जे सांगितलं ते थोडक्यात इथेही सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

एक, ७.१ विसरा. माणसाला कान दोनच आहेत. आवाज एका कानाला आधी पोचतो आणि दुसऱ्याला किंचित नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदूला दिशा ओळखायला तो आणि दोन कानांमधला आवाजाच्या जोराचा फरक बहुतेक वेळा पुरतो. हे गणित आजचे बरेच गेम स्वतःच करून साध्या स्टिरिओमध्ये पाठवतात. व्हॅलोरंटमध्ये तर त्यासाठी एचआरटीएफ नावाचा पर्यायच आहे. त्याच्यावर हेडसेटचं आभासी ७.१ चढवलं की एकाच भाजीला दोनदा फोडणी दिल्यासारखं होतं.

दोन, ड्रायव्हर किती मोठा यापेक्षा तो कसा बनवलाय आणि बसवलाय ते महत्त्वाचं. नुसत्या आकड्यावरून काहीही कळत नाही.

तीन, गेमसाठी ब्लूटूथ नको. साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो आणि माइक चालू केला की आवाजाचा दर्जा घसरतो तो वेगळाच. वायर बरी, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाला.

चार, माइक. गेमिंग हेडसेटचे रिव्ह्यू लिहिणारे पानभर आवाजावर लिहितात आणि माइकला एक ओळ देतात. पण टीममधल्या बाकी चौघांना तुझा हेडफोन कसा वाजतो याच्याशी काही घेणं नसतं. तुझं बोलणं त्यांच्यापर्यंत नीट जातंय का, एवढंच त्यांना हवं असतं.

आणि पाचवा मुद्दा माझा लाडका: नावावर जाऊ नकोस. हायपरएक्सचा क्लाउड हा गाजलेला हेडसेट २०१४ मध्ये आला. तो मुळात टाकस्टार या चिनी कंपनीच्या प्रो ८० हेडफोनवर बेतलेला होता. त्याच सांगाड्यावर त्याआधी क्यूपॅड या नावानेही हेडसेट विकला गेला होता. सांगाडा एक, शिक्के तीन, किमती वेगवेगळ्या. आतला माल ओळखता आला पाहिजे. म्हणून म्हटलं, 'गेमिंग' असा शिक्का नसलेला, स्टुडिओत वापरतात तसा ओपन बॅक हेडफोन घे, म्हणजे ज्याची पाठ जाळीची असते आणि आवाज मोकळा येतो तो. वर एक सुटा माइक लाव. बजेटात बसतं.

"पण मामा, त्याच्यावर नाव कुणाचं दिसत नाही..."

"नाव बघायचंच नाही! डबा बघायचा नाही! आत काय आहे ते बघायचं!"

मी असा रंगात आलो होतो आणि फोन होता स्पीकरवर. बाबा त्या दिवशी डोळे तपासायला गावाहून ताईकडे आलेले, तिथेच खाटेवर बसून ऐकत होते. मागून त्यांचा आवाज आला:

"कावून रे, त्या पोराले तू सांगून रायला का नाव पाहू नोको, डब्बा पाहू नोको. मंग त्या टायमाले मले कावून म्हने, का जो निवडून येऊ शकते त्यालेच मत द्या?"

च्यायला. दोन मिनिटं मला काही बोलताच येईना.

'तो टाइम' म्हणजे एप्रिल २०२४. माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे. २६ एप्रिलला शुक्रवार होता, म्हणून एक सुट्टी टाकून शेगावला उतरलो आणि मतदानाला घरी गेलो. (पुण्याहून मतदानाला जाणारा मी एकटाच, म्हणून ऑफिसात थोडा भावही खाल्ला होता.)

बुलढाणा लोकसभेला तेव्हा २१ उमेदवार होते. मशीनच्या एका भागावर १६ बटणं मावतात, म्हणून नोटा धरून दोन भाग जोडावे लागले. मुख्य लढत म्हणाल तर शिंदे यांच्या शिवसेनेचे प्रतापराव जाधव आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे नरेंद्र खेडेकर. म्हणजे २०२२ मध्ये फुटलेल्या एकाच पक्षाच्या दोन भागांचे उमेदवार समोरासमोर. आणि तिसरे, अपक्ष, रविकांत तुपकर. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी आंदोलनं करणारे. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेतकऱ्यांना घेऊन अरबी समुद्रात जलसमाधी घ्यायला म्हणून मुंबईला निघालेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बुलढाण्यात आत्मदहनाचा इशारा दिला, लाठीमार झाला, ते तुरुंगात गेले. अगदी कोरी पाटी होती असं नाही. काही काळ ते राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाचे अध्यक्षही होते. पण या निवडणुकीत त्यांच्यामागे ना युती होती, ना आघाडी.

बाबांचं ठरलेलं होतं: तिसऱ्याला. माझंही ठरलेलं होतं: बाबांना समजावायचं.

मी जेवताना अख्खं गणित मांडलं. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, निम्म्यापेक्षा जास्त लागत नाहीत. अशा पद्धतीत तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं. पहिल्या दोघांतला जो कमी नको वाटतो त्याला द्यायचं, हेच शहाणपण. बाबा भाकरी मोडत ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "सोयाबीन मी इकलं, भाव मले भेटला. तुले काय मालूम?"

दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या मनासारखं मत देऊन आले. मी माझ्या गणिताप्रमाणे पहिल्या दोघांतल्या एकाला देऊन आलो. (कोणाला ते विचारू नका, मुद्दा तो नाही.)

४ जूनला निकाल लागला. जाधव ३,४९,८६७, खेडेकर ३,२०,३८८, तुपकर २,४९,९६३. मी बाबांना फोन केला आणि अगदी नको त्या सुरात म्हणालो, "बघा, म्हटलं होतं ना?"

तो सूर मला आज आठवतो तेव्हा लाज वाटते.

कारण आता जरा तेच आकडे नीट बघू. विजयी आणि दुसऱ्या क्रमांकातला फरक २९,४७९. तिसऱ्याची मतं त्या फरकाच्या जवळजवळ साडेआठ पट. एकूण झालेल्या मतदानातला तिसरा हिस्साही विजयी उमेदवाराला मिळालेला नाही. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, तो अपक्षाने आरामात ओलांडला. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मशीनवर मान्यताप्राप्त पक्षांची नावं आधी, मग बाकी नोंदणीकृत पक्ष, अपक्ष सगळ्यात शेवटी. पक्षाचं चिन्ह लोकांना आधीपासून पाठ असतं. अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतलं एखादं मिळतं, तेही माघारीची मुदत संपल्यावर. (या यादीत लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि चक्क हेडफोनही राहिलेला आहे!) इथे माघारीची मुदत ८ एप्रिलला संपली आणि प्रचार २४ ला थांबला. सोळा दिवस! सोळा दिवसांत खामगावपासून सिंदखेडराजापर्यंत सहा विधानसभांमध्ये नवं चिन्ह पोचवायचं आणि अडीच लाख माणसांनी ते मशीनवर शोधून दाबायचं. डब्यावर नाव नसलेला माल एवढा खपला याचा अर्थ घेणाऱ्यांनी आतला आवाज ऐकला होता. तो आवडला की नाही हा वेगळा प्रश्न, पण ऐकला होता.

मग मत वाया गेलं म्हणजे नक्की काय झालं? माझंच बघा. मी 'जिंकू शकणाऱ्या' दोघांतल्या एकाला दिलं. ते मत नसतं तरी निकाल तोच लागला असता. म्हणजे बाबांच्या मताने निकाल बदलला नाही आणि माझ्याही नाही. फरक एवढाच की बाबांच्या मतावर त्यांना काय हवं ते स्पष्ट लिहिलेलं होतं: सोयाबीनचा भाव. माझ्या मतावर काय लिहिलं होतं? 'बाकीचे काय करतील याचा माझा अंदाज.'

आता तुम्ही म्हणाल, एकटा अपक्ष खासदार दिल्लीत जाऊन काय भाव वाढवणार? प्रश्न रास्त आहे. पण भाव दिल्लीतच ठरतो हेही खरं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. २०२३-२४ च्या हंगामाला हमीभाव होता ४,६००, आणि बाजार समितीत अनेकदा त्याच्याही खाली बोली. यामागे जगातला तेल-पेंडेचा बाजार आहे आणि आपलं खाद्यतेलाचं आयात शुल्कही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क, अधिभार धरून, ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, आणि मे २०२५ मध्ये ते १६.५ वर आणलं. शुल्क वाढलं की शहरातल्या माझ्या तेलाच्या पिशवीला महाग पडतं, उतरलं की बाबांच्या पोत्याला. माझं आणि बाबांचं हित इथे सरळ सरळ उलटं आहे. आणि मी त्यांना शिकवायला गेलो होतो की तुमच्यासाठी व्यवहार्य काय!

असो. म्हणून बाहेरचा दिसला की डोळे झाकून पाठिंबा द्या, असं मी म्हणत नाहीये. 'बाहेरचा' हाही शेवटी एक शिक्काच. मांजराचे कान लावले म्हणून हेडफोन चांगला होत नाही, तसा पक्ष नाही म्हणून माणूसही चांगला होत नाही. मी आज पुन्हा मतदान करायला गेलो तर तीन गोष्टी बघेन.

पहिली, निवडणूक नव्हती तेव्हा हा माणूस काय करत होता? पत्रकं आणि भाषणं म्हणजे डब्यावरची छपाई. शपथपत्र आयोगाच्या साइटवर वाचायला मिळतं, ते दहा मिनिटं काढून वाचावं.

दुसरी, माइक. आपल्याला ऐकवणारे खूप असतात, आपलं बोलणं पुढे नेणारा कोण? अपक्षावर पक्षाचा व्हिप चालत नाही, ही त्याची ताकद. आणि निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात शिरला तर पक्षांतरबंदी कायद्याने त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे निदान कागदावर तरी मधेच शिक्का बदलायची सोय नाही.

तिसरी, सर्व्हिस सेंटर. बाहेरच्याची खरी कमजोरी ही. तहसीलला कागद अडला, विहिरीचं अनुदान रखडलं, तर गावात पक्षाचा कोणीतरी माणूस असतो, तो फोन करतो. लोक नावाला मत देतात ते काही वेडे म्हणून नाही. दुरुस्ती कुठे होते हे त्यांना माहीत असतं म्हणून देतात. ज्या बाहेरच्याने हे उभं केलं तो टिकला. राजू शेट्टी २००४ मध्ये शिरोळमधून अपक्ष आमदार झाले, २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्याचे खासदार. पण त्यांच्यामागे ऊसदराची संघटना होती, आणि उसाला कारखाना असतो. तोडणी थांबवली, गाड्या अडवल्या की समोरच्याला बोलावंच लागतं. आमच्याकडे सोयाबीन प्रत्येकजण आपापलं पोतं घेऊन वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या व्यापाऱ्याला विकतो. अडवणार कोणाला? आणि शेट्टीसुद्धा २०१९ आणि २०२४ मध्ये हरलेच. सोपं नाही हे.

आणखी एक कबुली. हेडफोन आणि मत यांची तुलना एका ठिकाणी साफ तुटते. भाच्याने कोणता हेडफोन घेतला याने माझ्या हेडफोनचा आवाज बदलत नाही. मताचं तसं नाही. एखादा उमेदवार येऊच नये असं मनापासून वाटत असेल, तर त्याला हरवू शकणाऱ्याला मत देण्यात काही चूक नाही. माझी चूक ती नव्हतीच. मला कोणी येऊ नये असं फारसं वाटतच नव्हतं. मला फक्त जिंकणाऱ्यांच्या हिशेबात राहायचं होतं, आणि त्याला मी 'व्यवहार' असं नाव दिलं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये याच जिल्ह्यात बुलढाणा विधानसभेचा निकाल ८४१ मतांनी लागला. आठशे एक्केचाळीस! त्यानंतर तिथल्या कोणाला 'एका मताने काय होतं' असं सांगायची माझी हिंमत नाही.

आता हेडफोनचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण खरी फजिती तिथेच झाली.

भाच्याने माझं ऐकून ओपन बॅक हेडफोन मागवला. तिसऱ्या दिवशी फोन. "मामा, काहीच ऐकू येत नाही. नुसता कूलर ऐकू येते."

खामगावचा एप्रिल! पारा चाळिशीच्या वर, खिडकीत विमानासारखा घुरघुरणारा कूलर, आणि मी त्याला जाळीच्या पाठीचा हेडफोन घ्यायला लावला, ज्यातून बाहेरचा सगळा आवाज थेट कानात येतो. माझी सगळी माहिती बरोबर होती. ड्रायव्हर, स्टिरिओ, माइक, सगळं. फक्त मी ती पुण्यातल्या खिडक्या बंद केलेल्या, एसीच्या खोलीत बसून देत होतो. तो हेडफोन कुठल्या खोलीत चालणार आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मुदतीत होता म्हणून परत गेला. मग त्याने स्वतः दुकानात जाऊन, चार डोक्याला लावून बघून, एक बंद पाठीचा, वायरवाला, कापडी गादीचा साधा हेडसेट घेतला. लाइट नाही. (थोडा हिरमुसला होता, पण दोन दिवसांत विसरला.) माइक तपासायला त्याने त्यावरून पहिला कॉल आजोबांना लावला. बाबा म्हणाले, आवाज खणखणीत येते.

त्यानंतर मी बाबांशी बोललो. म्हटलं, "बाबा, तुमचं मत वाया नव्हतं गेलं. चुकलं माझंच."

ते हसले. म्हणाले, "अरे, त्याचं काय एवढं. पोराचा हेडफोन तं वापस झाला ना?"

हेडफोन झाला. माझं मत मात्र २०२९ शिवाय परत घेता येणार नाही. तेव्हा भाचाही रांगेत असेल. त्याने विचारलं तर यावेळी मी आधी विचारणार आहे, "तुझ्या खोलीत कूलर आहे का रे?" आणि नाहीच विचारलं, तर गप्प बसणार आहे.